बागेत येणारे आणि बागेत न येणारे

वडोदऱ्यात सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे : कमाटीबागेत रोज सकाळी फिरायला येणाऱ्या १०० जणांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि फेरी संपल्यावर तिथेच त्यांचा रक्तदाब व साखर मोजली, तर नियमित चालण्याने रक्तदाब आणि मधुमेह आटोक्यात राहतो, असे प्रबंधात दाखवता येईल का? प्रश्नावलीपेक्षा हालचाल मोजणारा मनगटी पट्टा वापरणे बरे का? प्रबंधासाठी नऊ महिने हाताशी आहेत.

विषय चांगला आहे, आणि तो आपल्या गावात, आपल्या माणसांत राहून करण्याची तुमची इच्छा मला विशेष मोलाची वाटते. पण आखणी आहे तशीच ठेवली, तर नऊ महिन्यांनंतर चालण्याचा गुण किती हे कळणार नाही. कमाटीबागेत सकाळी सहाला कोण येते, एवढेच कळेल. याच शहरात सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवताना आणि घरोघरची सर्वेक्षणे करताना मी ज्या चुका केल्या, त्यांतल्या काही तुमच्या आखणीत मला दिसतात, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

सयाजीराव महाराजांनी १८७९ साली उभारलेली ही बाग सर्वांसाठी खुली आहे, पण सकाळी सहाला तिथे येणे सर्वांना सारखेच शक्य नाही. तिथे निवृत्त गृहस्थ येतात, ज्यांच्या घरी सकाळचे डबे दुसरे कोणी भरते ते येतात, ज्यांचे गुडघे धड आहेत ते येतात. ज्यांना चार पावलांत दम लागतो, ज्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला आहे, ती माणसे घरीच असतात. त्यामुळे बागेतली माणसे एरवीपेक्षा निरोगी दिसणारच, आणि ते श्रेय चालण्याला देता येणार नाही. याच्या नेमका उलटा प्रवाहही त्याच पायवाटेवर वाहत असतो. फिरणाऱ्यांशी पाच मिनिटे बोललात, तर 'शुगर निघाली तेव्हापासून येतो', 'डॉक्टर रागावले म्हणून सुरू केले' ही वाक्ये तुम्हाला पुन्हा पुन्हा ऐकू येतील. म्हणजे चालणाऱ्यांत मधुमेहींचे प्रमाण न चालणाऱ्यांपेक्षा जास्तही निघू शकेल, आणि कागदावर पाहणाऱ्याला वाटेल की चालण्यानेच मधुमेह होतो. एकाच दिवशी एकदाच केलेल्या पाहणीत हे दोन्ही प्रवाह इतके मिसळलेले असतात, की पुढे कितीही आकडेमोड केली तरी ते वेगळे काढता येत नाहीत.

ही अडचण या शास्त्राच्या जन्मापासूनची आहे. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. चालक दिवसभर बसून असे, तर वाहक तिकिटे देत दिवसाकाठी ५००हून अधिक पायऱ्या चढे, आणि वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. शारीरिक हालचालीच्या आधुनिक संशोधनाची सुरुवात म्हणून हा अभ्यास आजही शिकवला जातो. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते मॉरिस यांनी तीन वर्षांनी, १९५६ साली केलेले काम. कर्मचाऱ्यांना गणवेश मिळत असे आणि त्यांच्या विजारींच्या कंबरेची मापे नोंदवून ठेवलेली असत. मॉरिस यांनी ती तपासली, तेव्हा अगदी तरुण वयोगटातसुद्धा चालकांची कंबर वाहकांपेक्षा रुंद निघाली. त्याचा अर्थ असा, की फरकाचा काही भाग नोकरीतल्या पायऱ्यांमुळे नव्हे, तर कोणत्या प्रकारचा माणूस कोणत्या नोकरीकडे वळला, यामुळे असू शकतो. ज्या निष्कर्षाने आपले नाव झाले, त्याच निष्कर्षाच्या मुळाशी स्वतः खणत जाण्याची ही वृत्ती प्रत्येक संशोधकाने अंगी बाणवावी असे मला वाटते. तुमच्या बागेतल्या माणसांच्या बाबतीत ही 'विजारीची मापे' कोणती असतील, याचा विचार एकही अर्ज छापण्यापूर्वी करा : फिरणे कधी सुरू केले, त्या आधी काय निदान झाले होते, कोणत्या गोळ्या चालू आहेत, घरचे काम कोण करते.

फेरी संपल्यावर तिथेच रक्तदाब मोजण्याचा बेत तर पूर्णपणे सोडून द्या. भरभर चालल्यानंतर पहिली काही मिनिटे रक्तदाब वाढलेला असतो, आणि त्यानंतर काही तास तो त्या माणसाच्या नेहमीच्या पातळीपेक्षा खाली राहतो. फाटकाशी टेबल मांडून बसलात, तर कोण किती वेळापूर्वी थांबला, यावर तुमचा आकडा ठरेल. रक्तदाब घरी मोजावा : अर्धा तास चहा किंवा तंबाखू नको, पाच मिनिटे पाठ टेकून आणि पाय जमिनीवर ठेवून शांत बसणे, हात हृदयाच्या पातळीत, दंडाच्या जाडीला साजेसा पट्टा, आणि निदान दोन वाचने. शिवाय, पहिल्या दिवशी वाचन जास्त निघालेली माणसे निवडून त्यांना पुन्हा मोजले, तर काहीही उपाय न करता त्यांची सरासरी थोडी उतरतेच, हे लक्षात ठेवा. 'दोन महिने चालून बीपी उतरले' या प्रकारच्या अनेक दाव्यांमागे एवढेच कारण असते. साखरेबद्दल थोडक्यात सांगायचे तर सकाळची उपाशीपोटीची किंवा तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी करा. पण रक्तक्षय असलेल्या स्त्रियांत ही सरासरीची तपासणी फसवू शकते.

आता प्रश्नावलीकडे वळते, कारण खरी गफलत तिथे होते, आणि ती भाषेमुळे होते. आपल्या मराठी घरांत 'व्यायाम' या शब्दाला तालमीतल्या मातीचा वास आहे. त्यातून वडोदरा म्हणजे प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे गाव. इथल्या जुन्या पिढीला व्यायाम म्हटले की जोर, बैठका, मलखांब आणि सूर्यनमस्कारच आठवतात. गुजराती शेजाऱ्यांच्या 'कसरत' या शब्दाचेही तेच. त्यामुळे 'तुम्ही व्यायाम करता का?' या प्रश्नाचे उत्तर बहुतेक स्त्रिया क्षणाचाही विचार न करता 'नाही' असे देतात.

दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यातली दुपार मला स्पष्ट आठवते. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या साठीच्या काकूंना माझ्या विद्यार्थ्याने हाच प्रश्न विचारला. काकू म्हणाल्या, "अहो, कुठला व्यायाम? घरातून सवड मिळाली तर ना!" त्याने 'नाही'वर खूण केली. तेवढ्यात खालून भाजीवाल्याची हाक आली. काकू पिशवी घेऊन उभा लाकडी जिना उतरल्या आणि ती भरून वर आल्या. आमचे अर्धवट राहिलेले बोलणे पुढे सरकते न सरकते, तोच गच्चीवर घातलेले पापड उलटायची वेळ झाली म्हणून त्या आणखी एक जिना चढून गेल्या. परत आल्या त्या पदराने कपाळ पुसत, आणि दाराच्या चौकटीला हात टेकून दोन श्वास घेऊन मग पाटावर बसल्या. पाऊण तासात हे सगळे आमच्या डोळ्यांसमोर घडले, आणि आमच्या अर्जावर मात्र त्यांची नोंद 'निष्क्रिय' अशी झाली होती. त्या संध्याकाळी मी ते अर्ज बाजूला ठेवले आणि प्रश्न नव्याने लिहायला घेतले.

तेव्हापासून मी 'व्यायाम' हा शब्द पहिल्या पानावर येऊ देत नाही. 'कालचा दिवस उठल्यापासून सांगा' अशी सुरुवात करावी. मग पाणी कुठून येते, जिने किती, धुणे कोण धुते, भाजी कोण आणते, कामावर कसे जाता, हे ओघाने विचारावे. तीव्रता विचारण्यासाठी आपल्याकडे नेमके शब्द आहेत : 'धाप लागते का', 'दम लागतो पण बोलता येते का'. ज्या कामात बोलता येते पण गाणे म्हणता येणार नाही, ते मध्यम. ज्यात दोनचार शब्दांपलीकडे बोलता येत नाही, ते जोराचे. 'दगदग' हा शब्द मात्र टाळा, कारण त्यात शरीराचा शीण आणि मनाचा ताप दोन्ही येतात. इथे अनेक घरांत आजी मराठीत आणि सून गुजरातीत उत्तर देते, म्हणून प्रश्नावली दोन्ही भाषांत असावी, आणि भाषांतर झाल्यावर मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडून ते उलट भाषांतरित करून घ्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेची जीपॅक नावाची १६ प्रश्नांची प्रश्नावली आधाराला घ्या. काम, येणे-जाणे आणि फावल्या वेळातली हालचाल अशा तिन्ही क्षेत्रांबद्दल ती विचारते आणि बसून राहण्याचा वेळही नोंदवते. मध्यम हालचालीच्या मिनिटांना ४ ने आणि जोराच्या हालचालीच्या मिनिटांना ८ ने गुणून आठवड्याची बेरीज करतात. ६००च्या खाली असेल, तर ती व्यक्ती अपुरी सक्रिय धरली जाते. पण एक मेख आहे. ही प्रश्नावली सलग दहा मिनिटे चाललेली हालचालच मोजते, आणि घरकाम करणाऱ्या बाईची हालचाल तर तीन-चार मिनिटांच्या तुकड्यांत विभागलेली असते. २०१० सालच्या जागतिक शिफारशींतही दहा मिनिटांची ही अट होती. २०२० साली ती काढून टाकली गेली, आणि आता प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराची हालचाल, शिवाय दोन दिवस स्नायूंना बळ देणारे काम, असे सांगितले जाते. म्हणून दहा मिनिटांपेक्षा लहान तुकड्यांसाठी तुम्ही वेगळा रकाना ठेवा आणि दोन्ही बेरजा स्वतंत्रपणे मांडा. हे लिहिताना मला दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ओट्याशी उभे राहून केलेला स्वयंपाक मध्यम तीव्रतेपर्यंत पोचत नाही. आणि पोटासाठी केलेल्या अंगमेहनतीने हृदयाला फावल्या वेळातल्या चालण्याइतका लाभ होत नाही, असे काही मोठ्या अभ्यासांत दिसले आहे. ओझी उचलून दिवस काढणाऱ्याला विश्रांती कमी पडते, हे त्याचे एक संभाव्य कारण. काकूंना 'सक्रिय' ठरवून मोकळे व्हावे, असे मी म्हणत नाही. त्यांचा दिवस जसा आहे तसा नोंदला जावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

ऋतूचा प्रश्न आपल्या शहरात फार मोठा आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही गेल्या सात दिवसांची हालचाल विचारणारी प्रश्नावली घेऊन एक सर्वेक्षण केले आणि ते नेमके नवरात्र सरताच सुरू केले. तरुण मुलींची हालचाल इतकी भरघोस निघाली, की आम्ही हरखून गेलो. जानेवारीत त्याच घरांत पुन्हा गेलो, तेव्हा ती कुठेच नव्हती. आम्ही नऊ रात्रींचा गरबा मोजला होता आणि त्याला जीवनशैली समजलो होतो. दोष सर्वस्वी माझ्या आखणीचा होता. मे महिन्यातल्या कडक उन्हात आणि पाऊस लागल्यावर याच्या उलट चूक होते. नऊ महिन्यांत दोन ऋतू तुमच्या हाताला लागतील, तेव्हा निदान काही घरांत दोनदा जा आणि प्रत्येक अर्जावर तारीख व तिथी दोन्ही लिहा. गरब्याला मात्र केवळ अडथळा समजू नका. एरवी धावण्याच्या कल्पनेनेच मागे सरणाऱ्या स्त्रिया सलग तासभर धाप लागेल असे नाचतात, कारण तिथे सोबत असते, रात्री उशिरा घराबाहेर राहण्याला घरच्यांची संमती असते, आणि रस्त्यावर उजेड व गर्दी असते. या चारांतली कोणती गोष्ट उरलेल्या वर्षात नसते, हा विचार तुमच्या प्रबंधातले एक प्रकरण होऊ शकेल.

मनगटी पट्ट्यांबद्दल. संशोधनासाठीचा ॲक्सेलरोमीटर, म्हणजे हालचाल नोंदवणारे यंत्र, सात दिवस बांधतात, आणि निदान चार दिवस, रोज दहा तास तो अंगावर असेल तरच ती नोंद ग्राह्य धरतात. मनगटावरचा पट्टा पोळ्या लाटण्याची हालचाल फुगवून दाखवतो, कंबरेवरचा पट्टा सायकल चालवणे जवळजवळ ओळखतच नाही, आणि दोन्हींना हातातल्या भाजीच्या पिशवीचे वजन कळत नाही. पट्टा बांधल्यावर पहिले दोन दिवस माणसे हौसेने जास्त चालतात, हेही आलेच. सगळ्यांना पट्टे बांधण्यापेक्षा ५०-६० जणांना बांधा आणि प्रश्नावलीची उत्तरे त्यांच्याशी पडताळून पाहा. दहा हजार पावलांचा आकडा मात्र निकष म्हणून वापरू नका. १९६५ साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पेडोमीटरच्या, म्हणजे पावले मोजणाऱ्या यंत्राच्या, नावातून तो रूढ झाला. २०१९ साली सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १६,७०० अमेरिकन स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला ४,४०० पावलांपासूनच मृत्युदर कमी दिसला आणि ७,५००च्या पुढे आणखी लाभ दिसला नाही.

मग तुम्ही काय करावे? आहार आणि हालचाल सुधारल्याने मधुमेह लांबतो हे नव्याने सिद्ध करायची गरज उरलेली नाही. चेन्नईच्या ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक गटांत विभागून हे दाखवले आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आहार व हालचाल बदलण्याच्या सल्ल्याने मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला, आणि औषधाने झालेला लाभही जवळजवळ तेवढाच होता. कार्यकारणभाव दाखवायचा तो असा, गट पाडून आणि काही वर्षे मागोवा घेऊन. तो नऊ महिन्यांचा आणि एकट्या विद्यार्थिनीचा विषय नाही. पण कोणाला चालायला जमत नाही आणि का, हे प्रत्येक शहराला स्वतःच शोधावे लागते, आणि ते तुम्हाला नक्की जमेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब अभ्यासात १४,२२७ प्रौढांची हालचाल तपासली होती. २०१४ सालच्या त्या अहवालात ५४.४ टक्के लोक निष्क्रिय होते, शहरांत हे प्रमाण ६५ टक्के होते, आणि फावल्या वेळात हालचाल करणारे १० टक्क्यांहूनही कमी. तुम्ही ज्या बागेत उभ्या राहणार होता, ती या १० टक्क्यांची बाग आहे. उरलेले घरी आहेत, दुकानात आहेत, पाळीवर आहेत.

म्हणून घरांकडे जा. मांडवीभोवतालचा जुना भाग, वासणा-भायलीकडच्या नव्या सोसायट्या आणि मकरपुऱ्याजवळची कामगारवस्ती असे तीन भाग घ्या. गल्ल्या चिठ्ठ्या टाकून निवडा, ठरावीक अंतराने घर घ्या, आणि घरात जो दार उघडेल त्याला न विचारता, ज्या प्रौढाचा वाढदिवस सर्वांत अलीकडे झाला असेल त्यालाच विचारा. नाहीतर दुपारी गेलात की सगळा नमुना गृहिणींचा होईल. संख्येचा हिशेब असा : १०० जणांवरून काढलेली टक्केवारी दोन्ही बाजूंना सुमारे १० अंकांनी चुकू शकते, म्हणजे ५०चा अर्थ ४०ही आणि ६०ही. चूक ७ अंकांत ठेवायची तर १९६ जण लागतात. एकाच गल्लीतली माणसे एकमेकांसारखी असतात म्हणून ती संख्या दीडपट करा, आणि काहीजण नकार देतील हे धरून ३२५च्या आसपास ठेवा. तिन्ही वस्त्यांची आपसांत बारकाईने तुलना करण्याइतकी ती पुरणार नाही, हे प्रबंधात स्वच्छ लिहा. कमाटीबागही सोडू नका. तिथे प्रश्न न विचारता ठरावीक वेळांना उभे राहून किती स्त्रिया, किती पुरुष, किती मुले, कोण बसलेले आणि कोण चालणारे, एवढेच मोजा. संध्याकाळी कितव्या तासाला बागेतून स्त्रिया कमी होऊ लागतात, हे त्या तक्त्यातून आपोआप दिसेल.

वजनापेक्षा कंबरेचा घेर मोजणे अधिक महत्त्वाचे आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःची आणि आपल्या ब्रिटिश सहकाऱ्याची तुलना छायाचित्रासह मांडली होती : दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण शरीरातली चरबी एकाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हडकुळ्या दिसणाऱ्या आपल्या माणसाच्या पोटात चरबी दडलेली असते. म्हणून बीएमआय २३ पासून जास्त धरावा, आणि कंबर पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटिमीटरपासून. मोजपट्टी सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर आली पाहिजे, साडीच्या निऱ्यांवरून नव्हे. त्यासाठी सोबत मोजणारी स्त्री हवी आणि दार लावता येईल अशी खोली हवी.

एथिक्स कमिटीची परवानगी आणि संमतिपत्र तुम्ही घ्यालच. पण वाचन जास्त निघाले तर त्याच दिवशी त्या माणसाला ते लिहून द्या, जवळच्या शहरी आरोग्य केंद्राचा पत्ता द्या आणि पंधरा दिवसांनी पुन्हा विचारायला जा. त्या वस्तीतल्या आशाताईंना आधी भेटा. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो तपासणी अर्ज त्या भरतात, त्यात हालचालीबद्दल, आठवड्याला १५० मिनिटे हालचाल होते का, हा एकच प्रश्न असतो. तो त्या प्रत्यक्षात कोणत्या शब्दांत विचारतात आणि लोक काय समजून उत्तर देतात, हे ऐकलेत तर अर्धी प्रश्नावली तिथेच सुधारेल.

येत्या आठवड्यात एवढेच करा. दांडिया बाजारात आणि वासण्याला पाच-पाच घरी दुपारी अडीचनंतर जा, 'कालचा दिवस उठल्यापासून सांगा' असे म्हणून गप्प बसा, आणि कोणत्या प्रश्नापाशी समोरची व्यक्ती अडखळली किंवा 'म्हणजे काय?' म्हणाली, ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. ती दहा टिपणे मला पाठवा. मग आपण अर्ज छापायला देऊ.